कानात सांगितलेले शेवट

बळवंतराव शितोळे स्वतःला सिनेमातले जाणकार कधीच म्हणवत नसत. दिग्दर्शकाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे, नव्या नटांची नावं ते बिनदिक्कत उलटीपालटी करत, आणि गाणं लागलं की उठून चहा आणायला जात. पण आठवड्याच्या सुट्टीला जो लागला असेल तो सिनेमा बघायचा आणि बाहेर पडून स्कूटरला किल्ली लावायच्या आधी त्याचा निकाल लावायचा, हा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता होता. जुनी थिएटरं पडली, मॉल उभे राहिले, तरी तो मोडला नाही. मागच्या सीटवर बसायला थांबलेली त्यांची बायको संयोगिता हा निकाल पहिल्यांदा ऐकायची. मग तोच निकाल फोनवर बोलून ‘शितोळे परिवार’ या ग्रुपवर जायचा, आणि बडोद्यापासून साताऱ्यापर्यंतची भावकी तो ऐकून तिकीट काढायचं की नाही ते ठरवायची.

त्यांची मतं साधी असत. एका युद्धपटाबद्दल ते म्हणाले होते, माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांच्या फोटोतसुद्धा बुटांना चिखल आहे; या पोरांचे बूट लढाई संपली तरी चकाकतात. एका प्रेमकथेबद्दल त्यांचा एकच प्रश्न होता, की ही दोघं कामाला कधी जातात. भुताच्या विनोदी सिनेमांची लाट आली तेव्हा त्यांनी तक्रार केली की आता भूत बिचारं एकटंच घाबरलेलं असतं. आणि कारखान्यात मारामारी दाखवली की ते खुर्चीत अस्वस्थ होत. स्वतः बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्ट इनचार्ज. कुठल्या पाइपवर कुठला रंग हवा, कुठला व्हॉल्व्ह असा फिरवताच येत नाही, हे ते अंधारात संयोगिताच्या कानाशी पुटपुटत बसत.

तीन वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात एका पाइपचा जोड सुटला आणि कॉस्टिक सोड्याचा फवारा त्यांच्या तोंडावर आला. वाफेने धूसर झालेला गॉगल पुसायला त्यांनी तो क्षणभर कपाळावर सरकवला होता. बडोदे, मग अहमदाबाद, मग हैदराबाद असं वर्षभर चाललं. दोनदा बुबुळ बसवून पाहिलं, दोन्ही वेळा ते धरलं नाही. शेवटच्या डॉक्टरांनी संयोगिताला आत बोलावून सांगितलं की आता उजेड-अंधार एवढंच कळेल, आणि काही महिन्यांनी तेही कळणार नाही. तिने बाहेर येऊन ते जसंच्या तसं बळवंतरावांना सांगितलं. त्या वेळी ती खोटं बोलली नव्हती. पुढे हे तिला स्वतःला पुनःपुन्हा सांगावं लागलं.

बडोद्यात, मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये परतल्यावर बळवंतराव झोपाळ्यावर बसून राहू लागले. पायाने झोका द्यायचा, थांबवायचा, द्यायचा. मुलगी सानवी बंगळूरहून पंधरा दिवस येऊन राहिली आणि परत गेली. कारखान्यातला हार्दिक दर रविवारी यायचा, गुजरातीत शिफ्टच्या गमती सांगायचा, आणि उत्तर न मिळाल्याने हळूहळू पंधरा दिवसांनी, मग महिन्याने येऊ लागला. बळवंतरावांच्या डाव्या गालाची आणि पापणीची कातडी आवळून आली होती. ते तिच्यावरून बोटं फिरवत. एकदा त्यांनी विचारलं, लोकांना बघवत नाही असं आहे का? संयोगिता म्हणाली, थोडे डाग आहेत, चष्मा लावला की कळतही नाही. हेही तिला पुढे आठवणार होतं.

सिनेमाला जायचं तिच्या डोक्यात आलं ते एका फोनमुळे. बळवंतरावांचे चुलतभाऊ धनाजीराव बडोद्यातच समा भागात राहत. त्यांनी सहज विचारलं, की अरे तो नवीन गुजराती पिक्चर कसा आहे म्हणतात? विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते गडबडून गेले. पण बळवंतराव म्हणाले, “माहीत नाही. पाहिला नाही अजून.” त्या ‘अजून’ने संयोगिता स्वयंपाकघरात पोळी लाटता लाटता थांबली.

ती एका शाळेत दुपारच्या पाळीला हिंदी शिकवायची. सकाळ मोकळी होती. मंगळवारी साडेनऊच्या खेळाला फारसं कुणी नसतं हे तिने काढून ठेवलं, आणि बळवंतराव नको नको म्हणत असताना त्यांना रिक्षात घातलं. पहिली वीस मिनिटं भयंकर गेली. तिला वर्गात बोलायची सवय, कुजबुजायची नाही. पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं. शिवाय काय सांगावं तेच कळेना. ती पडद्यावरचं सगळंच सांगायला गेली, भिंतींचे रंग, साड्या, मागून गेलेली गाय, आणि तेवढ्यात कुणीतरी कुणाच्या थोबाडीत मारून गेलं. बळवंतराव म्हणाले, “संवाद मला ऐकू येतात. बोलत नसतील तेव्हा काय करतात तेवढं सांग.”

हे सूत्र मिळालं आणि तिला जमायला लागलं. मागची कोपऱ्यातली दोन आसनं, तिचं तोंड त्यांच्या उजव्या कानाशी. ‘तो वळला. ती बघते आहे, पण त्याला माहीत नाही. आता पत्र फाडलं.’ मध्यंतरात ते एकदम म्हणाले की सासऱ्याचं काम करणाऱ्याचा आवाज चांगला आहे, पण तो संवाद पाठ करून आलाय हे कळतं, खरा सुरती माणूस श्वास असा घेत नाही. संयोगिताने त्यांच्याकडे पाहिलं. दीड वर्षात एवढं लांब वाक्य ते बोलले नव्हते.

त्या दुपारी ग्रुपवर त्यांचा आवाज गेला. “मी बळवंतराव. हा पिक्चर ऐकण्यासारखा आहे,” असं म्हणून ते स्वतःच हसले. संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिला.

मग मंगळवार ठरून गेला. दक्षिणेतला डब केलेला मारधाडीचा सिनेमा त्यांना आवडला नाही. हाडं मोडल्याचा आवाज भाजी मोडल्यासारखा येतो म्हणाले. एका रहस्यपटात खुनी कोण ते त्यांनी मध्यंतराच्या आधी ओळखलं, कारण प्रत्येक वेळी त्याच्या बुटांचा आवाज इतरांपेक्षा जरा जास्त टिपला होता. एका मोठ्या ऐतिहासिक सिनेमावर ते म्हणाले, घोडे पाचशे आणि टापा वीस घोड्यांच्या. भावकीत या मतांची चर्चा व्हायला लागली. डोळे असलेल्यांना जे दिसलं नाही ते बळवंतरावांना कळतं, असं धनाजीराव सगळ्यांना कौतुकाने सांगत. बळवंतराव ते ऐकत, आणि सोमवारी रात्री शर्ट कुठला घालायचा ते विचारत.

पहिली थाप संयोगिताने मारली ती एका लहानशा मराठी सिनेमाच्या वेळी. बडोद्यात तो जेमतेम एक आठवडा टिकला. थिएटरात ही दोघं धरून पाच माणसं होती. एका म्हाताऱ्या नावाड्याची गोष्ट. त्याचा एक हात निकामी झालेला, मुलगा-सून चांगली, कुणी वाकडं बोलत नाही, फक्त त्याचं आता कुणाला काही काम उरलेलं नाही. बळवंतराव पहिल्यापासून खुर्चीत पुढे झुकून ऐकत होते. शेवटची दहा मिनिटं एकही संवाद नव्हता. बासरी आणि पाण्याचा आवाज. पहाटे म्हातारा उठतो, सगळ्यांच्या अंगावरची पांघरुणं नीट करतो, घाटावर येतो, चपला काढून ठेवतो आणि पाण्यात चालत जातो. गळ्यापर्यंत. मग फक्त नदी.

“काय चाललंय?” बळवंतरावांनी विचारलं.

तोवर ती चपलांपर्यंत आली होती. म्हाताऱ्याने चपला काढल्या, असं तिने सांगून टाकलं होतं. मागच्याच महिन्यात बळवंतरावांनी एका सकाळी तिला विचारलं होतं, की आपल्या गच्चीचा कठडा किती उंच आहे. तिने त्यावर काही उत्तर दिलं नव्हतं आणि त्यांनी पुन्हा विचारलं नव्हतं. आता त्यांचा हात तिच्या मनगटावर होता आणि पडद्यावर पाणी म्हाताऱ्याच्या छातीला लागलं होतं.

“पाय पाण्यात सोडून बसलाय,” ती म्हणाली. “पायरीवर. नातू मागून येतो आहे. येऊन शेजारी बसला. आता दोघं बसलेत.”

“आणि?”

“उजाडतंय.”

 रिक्षात बसल्यावर बळवंतराव म्हणाले की शेवट मला पटला. काही झालं नाही, कुणी काही बोललं नाही, नुसतं बसले. असंच असतं. ग्रुपवरही त्यांनी हेच सांगितलं. तो सिनेमा दुसऱ्या कुणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी अंगठे पाठवले. संयोगिता त्या दुपारी शाळेत गेली आणि दोन तास तिला मुलं काय विचारत होती ते कळलं नाही. पण घरी आली तेव्हा बळवंतराव झोपाळ्यावर नव्हते. ते बाल्कनीत कुंड्या चाचपत उभे होते. तुळस वाळली आहे, पाणी घातलं नाहीस का, असं त्यांनी विचारलं.

हे एवढंसंच होतं, पण ती त्याला चिकटून बसली.

पुढे तिला कला साधली. संवाद बदलता येत नव्हते, ते त्यांना ऐकू येत होते. पण हल्लीच्या सिनेमांचे शेवट बहुतेक मुके असतात, संगीताने भरलेले, आणि तिथे तिला जागा मिळायची. एका प्रेमकथेत मुलगी स्टेशनवरून निघून जाते; संयोगिताने तिला डब्याच्या दारातून परत खाली उतरवलं. एका थरारपटात खलनायक साक्षीदाराचे डोळे काढतो. तिने त्याला नुसतं बांधून ठेवलं, आणि किंकाळी आली तेव्हा तो घाबरलाय असं सांगितलं. एका भयपटात शेवटी घरातलं लहान मूल भूत होऊन आरशातून हसतं. ते हसू तिने खऱ्या मुलाचं केलं. दर वेळी ती स्वतःला सांगायची की हे शेवटचं. आणि दर वेळी परतताना बळवंतराव काहीतरी नवीन बोलायचे. एकदा म्हणाले, “एक गोष्ट मानली पाहिजे. हल्ली शेवट चांगले करायला लागलेत. पूर्वी उगाच माणसं मारायचे.”

ती हसली. मग तिने रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगितलं.

आणि खरंच त्यांच्यात फरक पडत होता, हे नाकारता येत नव्हतं. त्यांनी हार्दिकला आपण होऊन फोन केला. अंधांच्या एका संस्थेत काठी घेऊन चालायचं शिकवतात, तिथे जायला ते तयार झाले. सोसायटीच्या फाटकापर्यंत एकटे जाऊन यायला लागले, आणि परत आल्यावर पावलं किती झाली ते सांगायला लागले. सानवीने फोनवर विचारलं, आई, बाबांचा आवाज किती बदललाय, काय केलंस तू? संयोगिता म्हणाली, काही नाही, सिनेमाला नेते. एकदा तिला वाटलं मुलीला तरी सांगावं. पण सानवी आनंदात होती, आणि तो आनंद बिघडवायची तिची छाती झाली नाही.

दिवाळीत एक मोठा सिनेमा आला. दोन भावांचा. थोरला पोलिसात, धाकटा वाईट मार्गाला लागलेला, आई दोघांच्या मध्ये. सगळं शहर तो बघत होतं. मंगळवारी सकाळीसुद्धा अर्धं थिएटर भरलेलं होतं, आणि संयोगिताला अगदी ओठ कानाला लावून बोलावं लागत होतं. शेवटी धरणाच्या भिंतीवर धाकटा थोरल्याच्या आड येतो आणि गोळी खातो. गोळीचा आवाज आला. बळवंतरावांनी तिचा हात दाबला. ती म्हणाली, खांद्याला लागली. मग संगीत सुरू झालं आणि शेवटचा प्रसंग आला. घर, संध्याकाळ. आई दोन ताटं वाढते. थोरला येऊन एका ताटावर बसतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही. आई त्या ताटात भाकरी वाढते, तिच्यावर तूप सोडते, आणि समोर बसून राहते.

संयोगिताने धाकट्याला त्या ताटावर बसवलं. हात गळ्यात बांधलेला, डाव्या हाताने जेवतोय, असं सांगितलं.

थिएटरात चहूकडून नाकं ओढल्याचे आवाज येत होते. बळवंतरावांनी मान फिरवली.

“लोक का रडतायत?”

“आनंदाने,” ती म्हणाली.

ग्रुपवर त्यांनी सांगितलं की गोळीबार जास्त आहे, पण शेवटी आई दोघांची ताटं वाढते तिथे सगळं वसूल होतं. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दोन ताटं खरोखरच होती, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. संयोगिताने सुटकेचा श्वास टाकला.

महिन्याभराने धनाजीरावांच्या मुलाचा, उत्कर्षचा साखरपुडा होता. समाच्या एका हॉलमध्ये, सकाळी विधी आणि दुपारी जेवण. अपघातानंतर बळवंतराव पहिल्यांदाच एवढ्या माणसांत येत होते. ते काठी घेऊन स्वतःच्या पायांनी आत आले, आणि भावकीने त्यांना मधल्या टेबलावर, सगळ्यांच्या गराड्यात बसवलं. आमरस नव्हता म्हणून बासुंदी होती. कुणीतरी म्हणालं, काका, या वर्षातला सगळ्यात चांगला पिक्चर कुठला? बळवंतरावांनी चमचा खाली ठेवला. संयोगिता दोन माणसं सोडून बसली होती. तिला कळलं काय होणार ते.

ते दिवाळीच्या सिनेमावर बोलले. छान बोलले. गोळीचा आवाज धरणाच्या भिंतीवरून दोनदा घुमतो, पहिला आवाज बंदुकीचा आणि दुसरा डोंगराचा, हे किती नेमकं पकडलंय ते सांगितलं. सगळे ऐकत होते. मग ते म्हणाले, पण माझ्या मते खरा सिनेमा शेवटच्या दोन मिनिटांत आहे. एवढं सगळं करून तो पोरगा घरी येतो, गळ्यात हात बांधलेला, आणि डाव्या हाताने जेवायला बसतो. आई काही विचारत नाही. नुसतं वाढते.

 उत्कर्ष खुशीत होता, त्याचं लक्ष अर्धं नवरीकडे होतं. तो म्हणाला, “नाही काका, तो मेलेला असतो ना. ताट रिकामंच राहतं.”

“कोण मेलेला?”

“धाकटा. धरणावरच मरतो. त्याची...” इथे त्याच्या आईने त्याला कोपर मारलं असावं, कारण तो थांबला.

बळवंतराव हसले. म्हणाले, तू झोपला असशील रे. खांद्याला लागते गोळी. आणि मग जे झालं ते संयोगिता कधी विसरू शकली नाही. टेबलावरचे सगळे एका सुरात म्हणायला लागले. हो, हो, खांद्यालाच. बरोबर आहे काकांचं. उत्कर्षला कुठलं कळतंय, त्याचं डोकं ठिकाणावर आहे का आज. धनाजीरावसुद्धा म्हणाले, जिवंतच राहतो, मी पाहिलाय ना. आवाज सगळे गोड होते, लहान मुलाने उलटं पुस्तक धरून वाचल्यावर मोठी माणसं काढतात तसे.

ज्या माणसाला घोड्यांच्या टापा मोजता येत होत्या त्याला हे आवाज कळले नाहीत असं होणं शक्य नव्हतं. बळवंतरावांचा चेहरा हळूहळू बंद झाला. त्यांनी बासुंदीची वाटी पुढे सरकवली आणि संयोगिता जिथे बसली होती तिकडे बरोबर तोंड फिरवलं.  जेवण संपेपर्यंत, मंडळी निरोप घेईपर्यंत, रिक्षा मांजलपूरला पोहोचेपर्यंत ते बोलले नाहीत.

घरी आल्यावर झोपाळ्यावर न बसता त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि तिला समोर बसायला सांगितलं.

“तो नावाडी,” ते म्हणाले. “त्याचं काय झालं?”

ती टेबलावरचा पाण्याचा तांब्या उगाच सरळ करायला लागली.

“संयोगिता, चपला काढल्या त्याने. पुढे?”

“पाण्यात गेला,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जणू एखादं रीडिंग लिहून घेतलं. मग एकेक सिनेमा काढला. स्टेशनवरची मुलगी. ती गेली. बांधून ठेवलेला साक्षीदार. तिने सांगितलं. आरशातलं मूल. तिने तेही सांगितलं. आता ती काही लपवत नव्हती, रडतही नव्हती, शाळेत हजेरी घ्यावी तसं सांगत होती. सगळी मिळून चौदा नावं झाली. त्यांनी त्या सगळ्यांवर मतं दिली होती, आणि ती पन्नास घरांत ऐकली गेली होती.

“म्हणजे मी कुठल्या सिनेमांबद्दल बोलत होतो?”

“तुम्ही परत बोलायला लागला होतात,” ती म्हणाली. “मला भीती वाटायची. तुम्ही गच्चीच्या कठड्याचं विचारलं होतंत.”

“ते मी सोलरच्या पाइपसाठी विचारलं होतं,” बळवंतराव म्हणाले.

हे खरं होतं की नव्हतं ते तिला कळायला काही मार्ग नव्हता. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण डोळ्यांशिवायच्या चेहऱ्यावरून तिला तीस वर्षांच्या संसारानंतरही काही वाचता आलं नाही.

मग त्यांनी शेवटचं विचारलं. आवाज खाली आला होता. “चष्मा लावला की कळतही नाही, म्हणाली होतीस.”

तिला ‘हो’ म्हणायचं होतं. शेजारची चिमुरडी पूर्वी त्यांच्या मांडीवर बसून बिस्किटं खायची आणि आता जिन्यात ते दिसले की आईच्या मागे लपायची, तिची आठवण मध्येच आली. उत्तराला अर्धा क्षण उशीर झाला. त्यांनी तो अर्धा क्षण ऐकला आणि हात वर करून तिला थांबवलं.

“राहू दे,” ते म्हणाले.

यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं संयोगिताला कितीदा वाटलं. बळवंतराव तिच्याशी नीट बोलत, चहा मागत, दुखलं-खुपलं सांगत. फक्त तिने दिलेली औषधाची गोळी ते आधी हातात धरून ठेवत आणि हार्दिक किंवा शेजारचे कुणी आले की पाकिटावरचं नाव वाचायला सांगत. सानवीचा फोन आला की तिला विचारत, तुझं सगळं खरंच ठीक आहे ना, आई म्हणते म्हणून विचारत नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी नेमकं काय सांगितलं होतं ते त्यांनी हार्दिककडून कागदांचे फोटो मुलीला पाठवून तिच्याकडून फोनवर वाचून घेतलं. कागदावर तेच होतं जे संयोगिताने सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. काठीच्या वर्गाला जायचं त्यांनी बंद केलं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, काका, या आठवड्याचा निकाल? तो निरोप तसाच पडून राहिला, आणि मग कुणी विचारेनासं झालं.

फेब्रुवारीत तिने एकदा शेवटचा प्रयत्न केला. एक हलकाफुलका गुजराती सिनेमा लागला होता, लग्नघराचा. ती म्हणाली, एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही, सानवीची शपथ घेते. शपथ नको, म्हणाले, पण आले. मंगळवार, साडेनऊ, मागची कोपऱ्यातली आसनं. तिने सगळं सांगितलं. हळदीत घसरून पडलेला काका, चोरीला गेलेला मोबाइल, रुसलेली वरमाय, पडद्यावर होतं तेवढंच आणि तसंच. त्यांचा हात तिच्या मनगटावर नव्हता. सिनेमा एकदा हसवत, एकदा रुसवत शेवटाकडे गेला, आणि शेवटी गैरसमज दूर झाले, भांडलेली दोन्ही घरं अंगणात एकत्र आली, नवरा-नवरी गाडीत बसली आणि सगळे हात हलवत राहिले. गाण्याच्या मागे संवाद नव्हते. तिने हे जसंच्या तसं सांगितलं.

“सगळे?” बळवंतरावांनी विचारलं.

“सगळे.”

“तो रुसून गेलेला मामासुद्धा?”

“तोही आला. फाटकाशी उभा आहे. आता आजीने त्याला आत ओढलं.”

दिवे लागले. माणसं निघून गेली. झाडू घेऊन एक मध्यमवयीन सफाईवाला मागच्या रांगेतून पॉपकॉर्न गोळा करत येत होता. त्याची पावलं जवळ आली तसे बळवंतराव उठले आणि त्याच्या दिशेला वळून त्यांनी शेवटी काय होतं ते गुजरातीत विचारलं, “भाई, छेल्ले शुं थाय छे आ पिक्चरमां?”

माणूस थांबला. त्याने काळा चष्मा पाहिला, गाल पाहिला, मग शेजारी उभ्या असलेल्या संयोगिताकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. आपण त्याला काही खूण केली असं कुणाला वाटू नये म्हणून तिने डोळेही वर केले नाहीत.

“बधा भेगा थई जाय छे, काका,” तो म्हणाला. “बधुं सारुं थई जाय छे.” सगळे एकत्र येतात, सगळं चांगलं होतं.

त्याचा आवाज प्रेमळ होता. साखरपुड्याच्या टेबलावरचे आवाज होते तसाच प्रेमळ. बळवंतराव थोडा वेळ कान देऊन उभे राहिले, आणखी काही ऐकू येतं का ते बघत असल्यासारखे. मग त्याला “सारुं” म्हणाले आणि काठीने पायरी शोधायला लागले. तिने कोपर धरायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो झटकला नाही. धरू दिला.

रिक्षात तिने विचारलं, कसा वाटला?

“असेल चांगला,” ते म्हणाले.

त्यानंतर ती दोघं सिनेमाला गेली नाहीत. सकाळी शाळेच्या आधी संयोगिता त्यांना पेपर वाचून दाखवते. ती अगदी सावकाश वाचते, तारखेपासून, जाहिरातीसुद्धा गाळत नाही. बळवंतराव झोपाळ्यावर बसून ऐकतात, मध्ये काही विचारत नाहीत. संध्याकाळी सात वाजता ते रेडिओ लावतात आणि त्याच बातम्या पुन्हा पहिल्यापासून ऐकतात, आवाज मोठा करून, मान थोडी तिरकी करून. ती तेव्हा स्वयंपाकघरात असते. सकाळी वाचलेली एखादी बातमी रेडिओवर आली नाही तर तिचे हात थांबतात, आणि झोपाळ्याची कडीही वाजायची थांबते.